रेड टाइडमध्ये फ्लोरिडाच्या बीचवर जायचं की नाही, हे कसं ठरवावं

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः सॅरासोटा ते सॅनिबेल या पट्ट्यात, तिथला उन्हाळा सरता सरता, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, कॅरेनिया ब्रेव्हिस हे सूक्ष्म शैवाल फोफावतं. हीच रेड टाइड. तिचं विष हवेत मिसळून श्वासाचा त्रास देतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेली रेड टाइड २०१९ च्या सुरुवातीपर्यंत हटली नव्हती. मुलांकडे याच किनाऱ्यावरच्या टँपा शहरात आलेल्या आईवडिलांची सहल बऱ्याचदा याच मोसमात ठरते. त्यांच्यापैकी कुणाला दमा असेल तर पुढचं सगळं काटेकोरपणे पाळा.

१. आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाचा रेड टाइडचा नकाशा उघडा. आकडा लिटरमागे शैवालाच्या १,००० पेशींच्या आत असेल तर काळजी नाही. १,००० च्या वर खोकला-शिंका होऊ शकतात, एक लाखाच्या वर दमेकऱ्याला नेऊच नका.

२. आता वारा. नकाशा बघून निघणारे इथेच फसतात. पेशींचा आकडा पाण्यातला असतो आणि बऱ्याचदा काही दिवस जुना असतो. तुम्ही श्वासात घेता ती हवा. लाट फुटली की पेशी फुटतात, ब्रेव्हटॉक्सिन हे विष पाण्यात सुटतं, फेसाच्या बुडबुड्यांवर चढतं आणि बुडबुडा फुटताच खाऱ्या तुषारांबरोबर हवेत जातं. म्हणजे लाटा हव्यात आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे हवा. हे दोन्ही जुळलं की मध्यम आकड्यालाही घसा धरतो. वारा जमिनीकडून असेल तर मोठ्या आकड्यालाही किनाऱ्यावर सहसा फारसं जाणवत नाही.

हा किनारा मुख्यतः पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे पश्चिम, नैर्ऋत्य किंवा वायव्येकडून येणारा वारा वाईट, पूर्वेचा चांगला. हवामानाच्या अ‍ॅपवरचा बाण काही ठिकाणी वारा कुठून येतो ते दाखवतो, काही ठिकाणी कुठे जातो ते. बाणावर विसंबू नका, ‘पश्चिमेकडून’ असं शब्दांत लिहिलेलं वाचा. सकाळी पूर्वेचा वारा बघून निघालात तरी वाळू तापली की दुपारकडे समुद्राचा वारा सुटतो. म्हणून सकाळी लवकर जा आणि वारा फिरायच्या आत परता. दर तीन तासांचा, बीचनिहाय श्वसनत्रासाचा अंदाज ऑनलाइन मिळतो. तो बघा, आणि मोट मरीन लॅबोरेटरी या सॅरासोटाच्या सागरी संशोधन संस्थेच्या बीच-अहवालातला खोकल्याचा रकानाही बघा. शेजारच्या बीचची खबर चालत नाही, शैवालाचे पट्टे विखुरलेले असतात.

पाण्याचा रंग आणि मेलेल्या माशांचा वास यांवरून अंदाज बांधू नका. पाणी लालसर दिसायला लिटरमागे साधारण दहा लाख पेशी लागतात, त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. विषाला स्वतःचा वास नाही. (जुहूला किंवा कोकणात रात्री पाणी निळं चमकतं ते नॉक्टिल्युका या वेगळ्या सूक्ष्मजीवामुळे. तो ब्रेव्हटॉक्सिन बनवत नाही.)

३. गाडीत एसी आतल्या हवेवर ठेवा. घरी खिडक्या बंद, एसीचा फिल्टर स्वच्छ. हे तुषार किनाऱ्यापासून मैलभर आतही पोचतात.

४. जाणं टळत नसेल तर एन-९५ मास्क नीट घट्ट लावा. विष तुषारकणांत असतं, त्यामुळे हा मास्क उपयोगी पडतो. ओला रुमाल नाही.

५. दमेकऱ्याचा आराम देणारा इन्हेलर खिशात हवा, हॉटेलच्या खोलीत नव्हे. भारतातून येणाऱ्यांनी पुरेसे घेऊन यावेत. अमेरिकेत साल्ब्युटामॉलला (या इन्हेलरमधलं औषध) अल्ब्युटेरॉल म्हणतात आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

६. निरोगी माणसाचा खोकला, डोळ्यांची आग आणि गळणारं नाक एसीत किंवा किनाऱ्यापासून दूर गेल्यावर सहसा लवकर थांबतं. डोळे स्वच्छ पाण्याने धुवा, अंघोळ करा. ‘थोडं बसू, सवय होईल’ हा सल्ला दमेकऱ्याला कधीही देऊ नका. सॅरासोटाच्या किनाऱ्यावर दमेकऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा तासाभराच्या फेरफटक्यानंतर त्यांच्या फुप्फुसांची क्षमता घटलेली आढळली. त्रास पुढे काही दिवसही रेंगाळू शकतो. तेव्हा छातीत पहिली शिट्टी वाजली की उठा, गाडीत बसा, डॉक्टरांनी सांगितलेले पफ घ्या. इन्हेलरने उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर थेट ९११ हा तिथला आपत्कालीन क्रमांक लावा.