टेन्शनच्या काळात जप-ध्यान सुरू करताय? मग या चुका टाळा

घरात कुणाचं तरी आजारपण, गेलेली नोकरी, थकलेले हप्ते, नाहीतर कारण न कळता दिवसभर चालू असलेली धडधड, अशा वेळी माणूस देवाकडे वळतो, जप-ध्यान सुरू करतो आणि ते चांगलंच आहे. पण थोड्याच दिवसांत बरेच जण म्हणायला लागतात की काही फरक नाही, उलट जास्तच अस्वस्थ वाटतंय. मला वाटतं बहुतेक वेळा साधनेत काही खोट नसते, आपण तिची परीक्षा करून टाकलेली असते, आणि आधीच घाबरलेल्या मनाला परीक्षा म्हटलं की ते आणखी घाबरतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डोळे मिटले की दर दोन मिनिटांनी आत बघायचं, झालं का शांत, गेली का भीती? नाही गेली की मग "मला ध्यान जमतच नाही". अहो, दिवसभर मोबाईल, टीव्ही, कामं यांच्या गडबडीत जी काळजी दबलेली असते ती शांत बसल्यावर ऐकू येणारच, म्हणजे ती वाढली असं नाही, आता लक्षात आली इतकंच. विचार आला, लक्षात आलं, परत नामावर आलो, हे पुन्हा पुन्हा करणं म्हणजेच ध्यान, मग त्या पंधरा मिनिटांत ते पन्नास वेळा झालं तरी काय बिघडलं? आणि डोळे मिटल्यावर फारच कासावीस होत असेल तर मिटूच नका. डोळे उघडे ठेवून मोठ्यानं रामकृष्णहरि म्हणा, अंगणात नाहीतर गच्चीवर चालत चालत म्हणा. मोठ्यानं म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात हे शरीराचंच काम आहे, त्यामुळे मनाची समजूत काढत बसण्याआधी शरीराला थोडं सैल पडू देणं सोपं जातं.

श्वासावरून आठवलं, घाबरल्यासारखं होत असताना जोरजोरात कपालभाती नाहीतर भस्त्रिका करू नका. वेगानं श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, मग हातापायाला मुंग्या, चक्कर, छातीत धडधड, आणि ज्याला आधीच पॅनिक येतं त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही. श्वास कोंडून धरण्याचे प्रकारही त्या दिवसांत नकोत. सावकाश अनुलोम-विलोम, भ्रामरी, किंवा नुसता श्वास घेतला त्यापेक्षा जरा जास्त वेळ लावून सोडायचा, एवढं पुरतं. आणि छातीत दुखणं, दरदरून घाम, दम लागणं हे पहिल्यांदाच होत असेल तर ते टेन्शन आहे की हृदय हे आपण घरी ठरवायचं नाही, आधी दवाखाना गाठायचा.

दुसरी मोठी चूक, एकदम सगळं. पहाटे चारला उठणं, अकरा माळा, पारायण, गुरुवार, शनिवार, एकादशी, शिवाय रात्री यूट्यूबवर एकामागून एक प्रवचनं. आठवडाभर जोर टिकतो, मग एक दिवस खंड पडतो आणि "नेम मोडला, आता काहीतरी वाईट होणार" ही नवीनच भीती मागे लागते. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण आधारासाठी धरलेल्या गोष्टीचंच माणसाला ओझं होतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर स्पष्टच सांगितलंय की योग फार खाणाऱ्याला साधत नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. झोप आधीच उडालेली असताना ती मोडून पहाटेचा हट्ट कशाला? एक माळ, म्हणजे १०८ वेळा नाम, रोज ठरलेल्या वेळी, एवढंच धरा. चुकली तर दुसऱ्या दिवशी परत एकच, दंड म्हणून दोन नाही.

आता विपश्यनेबद्दल, म्हणजे अंगातल्या संवेदना शांतपणे बघत बसण्याच्या ध्यानाबद्दल, जरा सविस्तर, कारण कुणी खचलेलं दिसलं की "जा इगतपुरीला दहा दिवस" असं सांगणारे खूप असतात. सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं इगतपुरीचं धम्मगिरी हे मोठं केंद्र आहे, शिबिराची फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं, आणि कितीतरी लोकांना त्याचा फायदा झालाय. पण ते विश्रांतीचं ठिकाण नाही हे नीट समजून घ्या. पहाटे चारची घंटा, आर्य मौन म्हणजे इतर साधकांशी बोलणं नाही, खुणाही नाहीत, फोन नाही, पुस्तक नाही, पहिले तीन दिवस आनापान म्हणजे नुसता श्वास बघणं आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, रोज दहा तासांच्या आसपास बसणं. नुकताच घरात मृत्यू झालाय, रात्र रात्र झोप नाही, मनात भलतेसलते विचार येतायत, अशा अवस्थेत एकदम तिथं जाणं पेलेलच असं नाही. अर्जात मानसिक आजाराबद्दल, औषधांबद्दल विचारतात, तिथं प्रवेश मिळावा म्हणून काहीही लपवू नका, तो प्रश्न तुमच्या सुरक्षिततेसाठीच असतो. आधी डॉक्टरांशी बोला, जरा सावरा, मग जा, शिबिरं वर्षभर चालू असतात.

रडू आवरून "मी खूप पॉझिटिव्ह आहे" म्हणत राहणं ही पण चूकच. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात "तुझं प्रारब्धच तसं" म्हणणं, असं बोलून कुणाला आधार मिळत नाही, माणूस फक्त गप्प होतो. तुकाराम महाराजांनी दुष्काळात घरची माणसं गेलेली पाहिली, धंदा बुडाला, आणि त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी केलेली भांडणं आहेत, तक्रारी आहेत, स्वतःवरचा राग आहे. देवासमोर रडल्यानं, चिडल्यानं भक्ती कमी होत नाही. जप करताना डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्या, माळ खाली ठेवून मनसोक्त रडा, मग वाटलं तर परत उचला.

एकट्यानं खोलीत बंद होऊन साधना करायची हे तर आपल्याकडच्या रीतीला धरूनही नाही. वारकरी संध्याकाळी एकत्र उभे राहून टाळावर हरिपाठ म्हणतात, गळा चांगला नसला तरी चालतं, आपला आवाज चार जणांच्या आवाजात मिसळतो आणि तेवढा वेळ स्वतःच्या डोक्यातून बाहेर पडायला होतं. जवळच्या देवळात जा, कुणाशी बोलावंसं नाही वाटलं तर नुसतं मागे उभं राहा. मात्र जो माणूस पत्रिका बघून घाबरवतो, दोष काढतो आणि शांतीसाठी पैशाचा आकडा सांगतो, त्याच्यासमोरून सरळ उठून या, अडचणीत असताना घाईनं असले निर्णय अजिबात घेऊ नका.

आणि गोळ्या. जप चांगला चाललाय, आता गरज नाही असं वाटून मनानंच औषध बंद करणं ही सगळ्यात धोक्याची चूक आहे, चिंतेवरच्या आणि डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या की त्रास उलटतो, त्या डॉक्टरच हळूहळू कमी करतात. दोन आठवडे झोप, जेवण, काम काहीच धड होत नसेल तर डॉक्टरांकडे जा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर थांबूच नका, घरातल्या एकाला लगेच सांगा आणि टेली मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा, तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांना तुमच्या साधनेबद्दल पण सांगा, लाजू नका, विशेषतः उपास करत असाल तर आधी विचाराच, कारण काही गोळ्या खाऊनच घ्याव्या लागतात आणि लिथियमसारखं औषध चालू असताना निर्जळी उपास केला तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याइतकं वाढू शकतं.