मुखपृष्ठावर लडलम, आत कोण? दिवंगत लेखकांच्या हेरमालिका कशा निवडाव्यात

हेरकथांचे अमेरिकन लेखक रॉबर्ट लडलम मार्च २००१मध्ये गेले. स्मृती गमावलेला हेर जेसन बोर्न याच्यावर त्यांनी स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्या तीनच: 'द बोर्न आयडेंटिटी' (१९८०), 'द बोर्न सुप्रीमसी' (१९८६) आणि 'द बोर्न अल्टिमेटम' (१९९०). आज या मालिकेत वीसएक पुस्तकं आहेत आणि दुकानातल्या फळीवर लांबून दिसतं ते लडलम यांचंच नाव. अशाच थरारक कादंबऱ्यांचे लेखक टॉम क्लॅन्सी आणि व्हिन्स फ्लिन दोघंही २०१३मध्ये गेले. त्यांच्याही मालिका जोरात चालू आहेत. यात लपवाछपवी काही नाही, खऱ्या लेखकाचं नाव बहुतेक पुस्तकांवर असतंच. पण मालिका म्हणजे एकसंध गोष्ट असं समजून पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत सरळ वाचत गेलात, तर मधे हमखास अडखळाल. लेखक बदलला की मालिका बदलली, असंच धरून चला.

आधी मुखपृष्ठ नीट बघा. लडलम यांच्या नावापुढे इंग्रजी षष्ठीचा 'एस' लागलेला दिसला आणि त्याच्या डोक्यावर बारीक 'टीएम' असलं, तर ते नाव लेखकाचं नसून ट्रेडमार्क आहे. खरा लेखक खाली, बऱ्याचदा निम्म्याहून लहान अक्षरात सापडेल: एरिक व्हॅन लस्टबाडर किंवा ब्रायन फ्रीमन. क्लॅन्सींच्या बाबतीत २०१४पासून नाव थेट शीर्षकालाच चिकटलंय, म्हणजे 'टॉम क्लॅन्सी फुल फोर्स अँड इफेक्ट', लेखक मार्क ग्रेनी. फ्लिन यांच्या मालिकेत दोन्ही नावं असतात, पण आकारात फरक असतो. बाँडचा रिवाज उलटा. इयान फ्लेमिंग १९६४मध्ये गेल्यावर ज्यांनी बाँड लिहिला, त्यांचं नाव लेखक म्हणूनच छापलं गेलं. अपवाद किंग्जली एमिस यांचा: १९६८च्या 'कर्नल सन'साठी त्यांनी रॉबर्ट मार्कम हे टोपणनाव घेतलं.

मुखपृष्ठावरून उलगडा झाला नाही तर कॉपीराइटचं पान उघडा. अलीकडच्या बोर्न कादंबऱ्यांत तिथे 'मिन पिन एलएलसी' असं नाव दिसतं. ती लडलम यांच्या वारसाहक्कांची कंपनी. लडलम यांच्या निधनानंतर आलेल्या काही पुस्तकांवर मात्र दुसरं कुणाचंच नाव नाही. 'द ट्रिस्टन बिट्रेयल' (२००३) घ्या. आतल्या पानावर बारीक टायपात सांगितलंय की वारसांनी काळजीपूर्वक निवडलेल्या एका लेखकाच्या आणि संपादकाच्या मदतीने हे पुस्तक प्रकाशनासाठी तयार केलं. लेखकाचं नाव नाही. लडलम यांची म्हणून अशी पुस्तकं विकत घेणाऱ्याने हे एक वाक्य तरी वाचावंच.

जुनी प्रत घेताना मुखपृष्ठावर विसंबू नका. किमतीचं स्टिकर नेमकं खालच्या नावावर बसलेलं असतं, आणि नकली छपाईत बारीक अक्षरं पुसट होतात. ऑनलाइन घेताना 'लेखक' या रकान्यात दोन नावं असली तर दिवंगत लेखकाखेरीजचं नाव खऱ्या लेखकाचं समजायला हरकत नाही.

आता क्रम. सगळ्यात जास्त घोळ बोर्नमध्ये आहे. लस्टबाडर यांनी २००४ ते २०१७ या काळात अकरा कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्याच 'द बोर्न लेगसी'च्या सुरुवातीला लडलम यांच्या कथेतल्या कॉन्क्लिन आणि पॅनोव्ह या दोन महत्त्वाच्या माणसांचा खून होतो. पुढच्या पुस्तकापर्यंत बोर्नची बायको मारीही गेलेली असते, न्यूमोनियाने. लडलम यांच्या तीन पुस्तकांचा सगळा जीव मारीमध्ये होता, त्यामुळे ज्यांना ती आवडली त्यांना हा धक्का पचत नाही. शिवाय वयाची अडचण आहे. मूळ बोर्न व्हिएतनाम युद्धातून आलेला आणि 'अल्टिमेटम'मध्ये पन्नाशीला टेकलेला. तोच माणूस पंचवीस वर्षांनी छपरांवरून उड्या मारत असेल तर हिशेब जुळायचा कसा? लस्टबाडर हिशेब न मांडताच पुढे जातात.

फ्रीमन यांनी २०२०मध्ये 'द बोर्न इव्होल्यूशन'पासून पाटी कोरी केली. त्यांचा बोर्न तरुण आहे, काळ आजचा आहे आणि लस्टबाडर यांच्या अकरा पुस्तकांत जे घडलं ते इथे घडलेलंच नाही. पण वेबसाइटवरच्या याद्यांत या पुस्तकाला पंधरावा क्रमांक मिळतो. ती यादी बघून आधीची चौदा वाचत बसायची गरज नाही. लडलम यांची तीन वाचा आणि थेट इथे या. नाहीतर इथूनच सुरुवात करा. लस्टबाडर यांच्यातलं एकच वाचायचं असेल तर 'लेगसी' घ्या, बाकीची दहा हाताशी आली तर बघू.

फ्लिन यांचा नायक, सीआयएचा माणूस मिच रॅप, याच्या मालिकेचं उलट आहे, तिथे सांधा मजबूत आहे. शेवटचं 'द लास्ट मॅन' (२०१२) जिथे संपतं, तिथूनच काइल मिल्स यांचं 'द सर्व्हायव्हर' (२०१५) उचलतं. म्हणून 'द लास्ट मॅन' न वाचता 'द सर्व्हायव्हर' उघडू नका, पहिल्या प्रकरणापासून नावं अनोळखी वाटतील. मिल्स यांची नऊ पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. त्यांच्यानंतर डॉन बेंटली आले. त्यांचं 'कॅप्चर ऑर किल' (२०२४) मागे, २०११मध्ये जातं, बिन लादेनवरच्या कारवाईच्या दिवसांत. म्हणजे मिल्स यांच्या शेवटच्या पुस्तकाचा पुढचा भाग म्हणून ते घेतलंत तर गोंधळ उडेल. स्वतंत्र वाचायला ठीक. फ्लिन यांच्याही दोन पुस्तकांची अशीच गंमत आहे. 'अमेरिकन असॅसिन' (२०१०) आणि 'किल शॉट' (२०१२) रॅपच्या सुरुवातीच्या काळातली, पण आली उशिरा. आमचा कौल प्रकाशनक्रमालाच: 'ट्रान्सफर ऑफ पॉवर' (१९९९) आधी.

क्लॅन्सींकडे दोन फाटे आहेत. एकात राष्ट्राध्यक्ष झालेला जॅक रायन, दुसऱ्यात त्याचा मुलगा. ग्रेनी यांनी क्लॅन्सी हयात असतानाच त्यांच्यासोबत लिहिलं होतं, म्हणून त्यांची पुढची पुस्तकं सगळ्यात कमी उपरी वाटतात. मुलाच्या फाट्यावरचं माइक मेडन यांचं 'पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट' (२०१७) मागचं काही न वाचता उचललं तरी चालतं. 'ऑप-सेंटर' ही तर क्लॅन्सी हयात असतानाच जेफ रोविन यांच्या लेखणीतून उतरत होती; तिथे मोठं नाव पहिल्या दिवसापासून पाटीपुरतंच.

चित्रपट बघून पुस्तकाकडे वळणार असाल तर एक ध्यानात ठेवा. २०१२चा 'द बोर्न लेगसी' हा चित्रपट आणि २००४ची कादंबरी यांच्यात शीर्षकापलीकडे नातं नाही. चित्रपटाचा नायक ॲरन क्रॉस कादंबरीत कुठेच भेटत नाही. मॅट डेमनचा 'सुप्रीमसी'ही लडलम यांच्या हाँगकाँगमधल्या कथेपासून पार दूर गेलेला आहे.

पैसे टाकण्याआधी किंडलवरचा मोफत नमुना उतरवून घ्या आणि पहिली मारामारी येईपर्यंत वाचा. लडलम तिरप्या टायपात, उद्गारचिन्हांत धापा टाकत लिहायचे. फ्रीमन यांची वाक्यं आखूड आणि थंड. मिल्स यांचा रॅप फ्लिन यांच्या रॅपपेक्षा थोडा जास्त थकलेला. हा फरक दहा पानांत कळतो, मलपृष्ठावरच्या मजकुरातून अजिबात नाही.