डीबरिंग मशीनवर टाकताय? आधी या चुका टाळा

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला लागून एक लांब टेबल होतं. वर ट्यूबलाइट, पुढ्यात चार-पाच कानशी, दोन स्क्रेपर आणि तिथे बसणाऱ्या दोन मावश्या. व्हीएमसीवरून (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवरून) उतरलेली प्रत्येक हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या व्हॉल्व्हचा भोकं पाडलेला ठोकळा, त्यांच्या हातांखालून जायची. ऑर्डर वाढली, टेबलापाशी क्रेट साचायला लागले, तेव्हा आम्ही ठरवलं की बर, म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहणारा पापुद्रा, काढायचं काम (डीबरिंग) आता मशीनच करेल. अ‍ॅब्रेसिव्ह नायलॉनचा (तारांत घासणारे कण असलेला) ब्रश आणला आणि गुरुवारच्या सुट्टीत, कोणाची घाई नसताना, ट्रायल घेतली. जॉब सुरेख निघाले. पुढच्याच आठवड्यात चाकणहून ग्राहकाचा फोन: स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या मुख्य भोकात सरकणारा दांडा, अडकतोय.

ब्रश खराब नव्हता, प्रोग्रॅमही चुकला नव्हता. थोरली मावशी दिवसातून एकदा तरी उठून सेटरकडे जायची आणि म्हणायची, "दादा, ड्रिल बदला, बर जाड यायला लागलीय." हे कुठल्याच कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेलं नव्हतं. आम्ही टेबल बंद केलं, त्याबरोबर हा निरोपही बंद झाला.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागडी चूक ही: बर किती येते हे न ठरवता ती काढायचं मशीन ठरवणं. माणसाचा हात बर बघून जोर लावतो. ब्रशला किंवा रोबोला ते कळत नाही, तो सकाळी जेवढा घासतो तेवढाच संध्याकाळी घासतो. ड्रिलची धार जाऊ लागली की भोकाचं माप अजून गेजमध्ये बसत असतं, पण पलीकडच्या बाजूची बर मात्र आधीच वाढलेली असते. त्यामुळे ड्रिलचं आयुष्य मापावर न ठरवता बरीवर ठरवा. नव्या ड्रिलचा पहिला जॉब, मधला आणि शेवटचा असे तीन बाजूला ठेवून भिंगाखाली पाहा. उंचीपेक्षा बुडाची जाडी महत्त्वाची. उंच पण पातळ पापुद्रा ब्रश सहज उडवतो. ठेंगणी पण बुडाशी जाड बर तो फक्त चकचकीत करतो, आणि चकचकीत बर जास्त फसवते.

बर जन्मतानाच लहान ठेवता आली तर निम्मं काम झालं. ड्रिल आरपार निघायच्या शेवटच्या भागात फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) कमी करा. क्रमही तपासा. मुख्य बोर (मोठं भोक) फिनिश करून मग आडवं भोक मारलं, तर बर थेट फिनिश झालेल्या बोरमध्ये येऊन बसते. आधी आडवं भोक आणि नंतर बोरचा शेवटचा पास घेतला, तर ती कापली तरी जाते किंवा आडव्या भोकात ढकलली जाते. तिथून ती वेगळी काढावी लागते, पण निदान ती कुठे आहे हे माहीत असतं.

आता क्रॉस होल. सर्वात जास्त रिजेक्शन इथूनच येतं. दोन भोकं एकमेकांना छेदतात तिथली कड सपाट गोल नसते, घोड्याच्या खोगिरासारखी वर-खाली जाते. प्लंबरने जोडलेला टी नजरेसमोर आणा. त्यात सरळ काउंटरसिंक (शंकूच्या आकाराचं टूल) उतरवलं तर दोन बाजूंना खोल चॅम्फर (तिरका काप) पडतो आणि उरलेल्या दोन बाजूंना टूल टेकतही नाही. वरून बघणाऱ्याला चॅम्फर दिसतो, तो समाधानाने मान डोलावतो. आडवं भोक मुख्य बोरच्या जितकं जवळच्या मापाचं, तितकं खोगीर खोल. इथे एक तर गोल डोक्याचा कटर कडेच्या वळणावरून फिरवायचा, नाही तर स्वतः दबून कडेला चिकटून चालणारं टूल घ्यायचं. शिवाय बोथट काउंटरसिंक स्वतःच नवी बर तयार करतं, हे अनेक जण विसरतात.

बॉल होन, म्हणजे बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, टोकांना अ‍ॅब्रेसिव्हचे गोळे असलेला होन (बोर आतून घासायचं टूल), क्रॉस होलसाठी चांगला आहे. पण त्याच्याबद्दलचे गैरसमज भरपूर. तो बोरच्या मापाने मागवायचा असतो. हातात घेतला की मोठा वाटतो आणि कोणी तरी "चुकीचा आला" म्हणून परत पाठवतं. तसाच हवा असतो तो, दाबूनच काम करतो. कोरडा चालवू नका. हळू फिरत असतानाच आत न्या आणि फिरत असतानाच बाहेर काढा. थांबवून ओढलात तर बोरमध्ये उभे ओरखडे पडतात. क्रॉस होलच्या दोन्ही ओठांवरची बर काढायची असेल तर एकदा सुलटा, एकदा उलटा फिरवा. आणि त्याच्याकडून भूमितीची अपेक्षा ठेवू नका. बोर अंडाकृती किंवा निमुळता असेल तर होननंतरही तो तसाच राहील, फक्त गुळगुळीत होईल. एका सप्लायरच्या माणसाने आम्हाला उलट सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, ती चूक आमची.

नायलॉन ब्रशच्या तक्रारी त्यामानाने साध्या. जॉबवर काळपट, चिकट थर दिसतोय? वेग किंवा दाब जास्त आहे, नायलॉन वितळतंय. काम होत नाही म्हणून ब्रश आणखी खाली दाबला की तारा आडव्या पडतात आणि टोकांऐवजी पोट घासतं. सकाळी चांगलं, दुपारनंतर बर राहते? ब्रश झिजून आखूड झाला, पण ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या लांबीची दुरुस्ती) सकाळचाच आहे. किती जॉबनंतर ऑफसेट किती द्यायचा, हे प्रोग्रॅममध्येच घाला. ऑपरेटरच्या आठवणीवर सोडलंत तर तिसऱ्या पाळीत ते राहणारच. कडेच्या एका बाजूची बर राहत असेल तर फिरण्याची दिशा उलटी करून पाहा.

थर्मल डीबरिंग, इलेक्ट्रोकेमिकल (विजेने बर विरघळवणं), अ‍ॅब्रेसिव्ह फ्लो (घासणाऱ्या कणांचा लगदा भोकांतून दाबणं) या पद्धती उत्तम आहेत, पण ज्या जॉबला जी जमेल ती. थर्मलमध्ये बंद चेंबरमध्ये गॅस आणि ऑक्सिजनचा स्फोट होतो, क्षणभर ताप हजारो अंशांवर जातो आणि पातळ बर जळते. जाड बर जळत नाही आणि नंतर ऑक्साइडचा थर धुवावा लागतो. म्हणजे फिरून पुन्हा बरीच्या जाडीवरच आलो.

ड्रॉइंगवर नुसतं "सर्व कडा बरमुक्त" लिहिलेलं असेल तर ऑर्डर घेण्याआधीच ग्राहकाला विचारा: किती पटीच्या भिंगातून बरमुक्त? आयएसओ १३७१५ मध्ये कडेसाठी चिन्हं आहेत. बाहेरच्या कडेला वजा आकडा म्हणजे मटेरियल काढायचं, अधिक म्हणजे तेवढी बर चालेल. आकडा मिळाला की भांडण संपतं. आमचं एक भांडण तीन मेलमध्ये मिटलं, त्याआधी दोन महिने चाललं होतं.

तपासणीत सर्वात मोठा धोका म्हणजे प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायची दांडी. जोर देऊन घातलेला गेज बरीला आडव्या भोकात झोपवतो आणि तुम्ही ओके लिहिता. ती पुढे तेलाच्या दाबाने उठते. स्पूल आणि बोरमधली फट काही मायक्रॉनची, तिथे एवढीशी पत्री पुरते. आधी बोरस्कोप (भोकाच्या आत बघायचा बारीक कॅमेरा), मग गेज. बोरस्कोप नसेल तर कापसाची काडी कडेवरून फिरवा, धागा अडकला की समजा.

आणि धुणं. होन किंवा ब्रशचा गाळ कूलंटच्या टाकीत जातो, तिथून स्लाइडवेवर (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांवर). फिल्टरशिवाय हे काम महागड्या मशीनवर करू नका. जॉब नुसत्या केरोसीनने धुतला तर तेल जातं, अ‍ॅब्रेसिव्हचे कण मागे राहतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग बोरमधून पांढरं फडकं ओढायचं. राखाडी निघालं तर परत धुवायचं.

थोरली मावशी आता त्याच टेबलावर बोरस्कोप घेऊन बसते. प्रत्येक ड्रिलचा पहिला आणि शेवटचा जॉब तिच्याकडे जातो. पडदा तिला लहान वाटतो म्हणून तिने मोठा मॉनिटर मागितलाय, तो अजून यायचा आहे.