देकार्त ते बर्कली: 'द्रव्य' शिकताना या चुका टाळा

'द्रव्य' म्हटलं की आपल्याला पैसा आठवतो, नाहीतर रसायनाची बाटली. तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिकेतला पहिला घोटाळा इथेच होतो. "मन हे द्रव्य आहे, म्हणजे ते सूक्ष्म पदार्थाचं बनलेलं आहे" हे वाक्य मी कितीदा तरी खोडलंय. सतराव्या शतकातल्या युरोपीय तत्त्वज्ञानात द्रव्य (substance) म्हणजे जे असण्यासाठी दुसऱ्या कशाचा आधार घेत नाही ते. वैशेषिक या भारतीय दर्शनातली नऊ द्रव्यंही इथे आणू नका. त्यांच्यात काळ आणि दिशा आहेत, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तकडे ती द्रव्यं नाहीत.

दुसरी चूक मेणाची. देकार्तच्या 1641 च्या ग्रंथात पोळ्यातून नुकताच काढलेला मेणाचा तुकडा आहे. मधाची चव अजून गेलेली नाही, फुलांचा वास आहे, बोटाने ठोकला तर आवाज येतो. विस्तवाजवळ नेला की चव, वास, आकार, आवाज सगळं जातं. मेण तेच राहतं. विद्यार्थी लिहितात, "यावरून द्रव्य सिद्ध झालं." देकार्तला तिथे ते सिद्ध करायचंच नाही. मेण कळतं ते इंद्रियांनी नाही, बुद्धीने, आणि म्हणून मन शरीरापेक्षा आधी नि नीट कळतं, हा त्याचा मुद्दा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळी आहे. 1644 मध्ये देकार्त स्वतःच सांगतो की काटेकोर अर्थाने द्रव्य एकच, ईश्वर. मन आणि शरीर दुय्यम अर्थाने द्रव्यं, कारण त्यांना फक्त ईश्वराचा आधार लागतो. एवढी ओळ गाळली की त्याच्यानंतरचा तत्त्वज्ञ स्पिनोझा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. स्पिनोझाने तो काटेकोर अर्थ शेवटपर्यंत नेला: द्रव्य एकच, ईश्वर. त्याच्याकडे विचार (मनाचं स्वरूप) आणि विस्तार (जागा व्यापणं, शरीराचं स्वरूप) ही दोन द्रव्यं नाहीत, एकाच द्रव्याचे दोन गुण आहेत. आपण ईश्वराचे तुकडे आहोत, असंही लिहू नका. पाणी पाणी म्हणून वाटता येतं, द्रव्य म्हणून नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. अद्वैताशी तुलना करायचा मोह मलाही होतो, पण स्पिनोझाच्या जगात माया नाही. झाड, दगड, आपण, सगळं खरं आहे आणि द्रव्यातून अटळपणे येतं.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचे मोनाद, म्हणजे त्याच्या मते सगळं ज्यांचं बनलंय ती साधी, अविभाज्य द्रव्यं, हे बारीक अणू नव्हेत. त्यांना आकारच नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने द्रव्य नाकारलं, हेही चूक. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर, असं विचारल्यावर "काहीतरी, ठाऊक नाही काय" म्हणणाऱ्या भारतीयाची गोष्ट तो सांगतो. रंग, वास अशा गुणांच्या खालचा आधार, म्हणजे द्रव्य, आपल्याला तेवढाच कळतो, असं त्याचं म्हणणं. जड द्रव्य नाकारलं ते 1710 मध्ये आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीने. आत्मा हे द्रव्य मात्र त्यानेही ठेवलं.