सोलरमधील फॅसेट क्वेरी मंदावली असेल तर कारण कसे शोधावे

पुस्तकांच्या सूचीत शोध घेतला की कडेला लेखक, विषय, भाषा अशा याद्या आणि प्रत्येक नावापुढे पुस्तकांची संख्या दिसते. ही मोजणी म्हणजे फॅसेट. अपाचे सोलर या शोध-सॉफ्टवेअरमध्ये ती रेंगाळू लागली की बहुतेक जण आधी मेमरी वाढवतात. वेळ नेमका कुठे जातो हे कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे.

मंद क्वेरी 'डीबग=टायमिंग' हे पॅरामीटर जोडून चालवावी. उत्तरात क्वेरी, फॅसेट, हायलाइट या प्रत्येक घटकाला लागलेले मिलिसेकंद वेगळे दिसतात. फॅसेटचा आकडा लहान असेल तर दुखणे दुसरीकडे आहे. मोठा असेल तर एकेक फॅसेट फील्ड (लेखक, विषय यांसारखा नोंदीतील रकाना) वगळून क्वेरी पुन्हा चालवावी, म्हणजे दोषी फील्ड सापडते.

त्यानंतर हे पाहावे, की कमिटनंतरची (नवे बदल शोधात दिसू लागल्यानंतरची) पहिलीच क्वेरी मंद आहे की प्रत्येक क्वेरी.

पहिलीच मंद असेल तर त्या फील्डला बहुधा डॉकव्हॅल्यूज, म्हणजे प्रत्येक नोंदीची मूल्ये आधीच डिस्कवर मांडून ठेवणारी रचना, नाहीत. अशा वेळी सोलर त्या फील्डचा इंडेक्स (शब्दावरून नोंदी शोधण्याची सूची) हीप मेमरीत, म्हणजे सोलरला चालताना मिळालेल्या मेमरीत, उलटा करून मांडतो आणि तो भार पहिल्या वाचकावर पडतो. स्कीमात (फील्डच्या व्याख्यांच्या फाइलीत) डॉकव्हॅल्यूज सुरू करावेत आणि सगळा डेटा पुन्हा इंडेक्स करावा. ही दुसरी पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नये, कारण जुन्या नोंदींना नवी व्याख्या आपोआप लागू होत नाही आणि अर्धवट इंडेक्सवर आकडे चुकतात किंवा एरर येते. कमिट दर सेकंदाला होत असेल तर अंतर वाढवावे, कारण बदल शोधात आणणाऱ्या प्रत्येक कमिटबरोबर नवा सर्चर (इंडेक्स वाचणारा भाग) उघडतो आणि जुना कॅशे, म्हणजे साठवलेले निकाल, निकामी होतो.

प्रत्येक क्वेरी मंद असेल तर फील्डचा प्रकार तपासावा. विषयाचे फील्ड टेक्स्ट प्रकारचे असले की 'ऐतिहासिक कादंबरी'चे 'ऐतिहासिक' आणि 'कादंबरी' असे तुकडे होतात. यादी निरुपयोगी होते आणि मोजायची मूल्येही बेसुमार वाढतात. कॉपीफील्ड या स्कीमातील सूचनेने तोच मजकूर तुकडे न करणाऱ्या स्ट्रिंग प्रकारच्या फील्डमध्ये घ्यावा आणि फॅसेट त्यावर लावावे.

फॅसेटची पद्धत 'एनम' ठेवली असेल तर विशेष सावध राहावे. ती प्रत्येक वेगळ्या मूल्यासाठी स्वतंत्र छेद काढते, म्हणजे निकालातील किती नोंदींत ते मूल्य आहे हे दर वेळी वेगळे पाहते, त्यामुळे दहा-बारा भाषांना चालते, पण लाखभर लेखकांना निकालातील नोंदींवरून एकदाच फिरून मोजणारी 'एफसी' पद्धतच योग्य. एनममुळे फिल्टरकॅशेही (फिल्टरचे निकाल साठवणारा कॅशे) भरतो: इंडेक्समध्ये 1 कोटी नोंदी असतील तर एका फिल्टरचा बिटसंच (प्रत्येक नोंदीला एक बिट) सुमारे 1.25 एमबी जागा घेतो आणि असे 512 फिल्टर साठले की 640 एमबी हीप त्यातच जाते. फॅसेटमध्ये किती नावे दाखवायची ती मर्यादा उणे एक, म्हणजे अमर्याद, ठेवली असेल तर तीही कमी करावी. मुळात ती 100 असते आणि वाचकाला तेवढीही लागत नाही.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच क्वेरी त्याच टायमिंगसह पुन्हा मोजावी.