गावाचा वार्षिक पुरस्कार: शोध, पडताळणी आणि मानपत्र

गावात वार्षिक पुरस्कार सुरू करायचे ठरले की बहुतेक मंडळे आधी मंगल कार्यालय, प्रमुख पाहुणे आणि फेटे बांधणारा यांची सोय पाहतात, आणि सत्कारमूर्ती कोण हे शेवटच्या पंधरवड्यात घाईने ठरते. हा क्रम उलटा करावा. सोहळा दोन तासांचा असतो. माणसे शोधण्यासाठी मात्र किमान चार-पाच महिने लागतात, आणि पुरस्काराची पत त्या महिन्यांतच ठरते.

पुरस्कार तीनच ठेवावेत: निःस्वार्थ सेवेसाठी एक, नव्या कल्पनेसाठी किंवा साधनासाठी एक आणि लोकांना बरोबर घेऊन काम तडीस नेणाऱ्या नेतृत्वासाठी एक. पहिल्या वर्षी तीनाचे पाच करण्याचा आणि दुसऱ्या वर्षी पाचाचे अकरा करण्याचा आग्रह होतो. तो मोडून काढावा. एखाद्या वर्षी योग्य माणूस न मिळाल्यास तो पुरस्कार देऊ नये, असे नियमांतच लिहून ठेवावे. विद्यमान पदाधिकारी, येत्या निवडणुकीचे इच्छुक, निवड समितीचे सदस्य आणि त्या वर्षीचे देणगीदार यांना अपात्र ठरवावे. सेवेतील सरकारी कर्मचारी, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता, पद्म पुरस्कारांना पात्र नसतात. गावपातळीवर एवढे कडक राहण्याची गरज नाही, पण पगार घेऊन केलेले नेमून दिलेले काम आणि त्यापलीकडे जाऊन केलेले काम यांतला फरक समितीने पाहायलाच हवा. आशा सेविकेला तुटपुंजे मानधन मिळते म्हणून तिला बाजूला ठेवणे मला तरी योग्य वाटत नाही.

समिती पाच किंवा सात जणांची असावी, त्यात निदान दोन महिला आणि गावाबाहेरची एक व्यक्ती असावी. ज्याच्या भावकीतले नाव चर्चेला येईल त्याने तेवढ्यापुरते बैठकीतून उठून जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.

आता मुख्य काम. पद्म पुरस्कारांसाठी स्वतःचे नाव स्वतः सुचवता येते, परंतु गावात खरे काम करणारा माणूस अर्ज भरत नाही, आणि जो अर्जासोबत कात्रणांची जाडजूड फाइल जोडतो त्याच्याकडे थोडे सावधपणेच पाहावे लागते. म्हणून छापील अर्जावर विसंबून न राहता तोंडी सूचनाही घ्याव्यात आणि त्या समितीच्या सदस्यांनी स्वतः वहीत उतरवाव्यात. सकाळी दूध संकलन केंद्रावर, रेशन दुकानाच्या रांगेत, पिठाच्या गिरणीवर आणि बचत गटाच्या मासिक बैठकीत जावे. तिथे ‘पुरस्कार कोणाला द्यावा?’ असे विचारले तर सरपंचांचे किंवा एखाद्या पुढाऱ्याचे नाव ऐकायला मिळते. त्याऐवजी ‘रात्री अडीच वाजता अडचण आली तर तुम्ही कोणाचे दार वाजवता?’ असे विचारावे. या प्रश्नाला लोक फार वेळ न घेता उत्तर देतात, आणि तेच एक नाव चार वेगवेगळ्या आळ्यांतून आले की समितीला पुढची दिशा मिळते.

कल्पक माणसांचा पत्ता मात्र वेल्डिंगच्या दुकानात लागतो. सायकलच्या चाकावर फवारणी पंप बसवून घेणारा किंवा कोळपे स्वतःच्या उंचीप्रमाणे वाकवून घेणारी कोण, हे त्या कारागिराइतके कोणालाच ठाऊक नसते. अशी माणसे स्वतःला संशोधक म्हणवत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास आपल्या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांचे बियाणे जपून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी एचएमटी हे वाण तयार केले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला तो 2005 मध्ये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनीही गावरान बियाण्यांचे जतन वर्षानुवर्षे केले, आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. राजधानीत नाव पोहोचायला असा काळ जातो. शेजारच्या शेतकऱ्याला तो गुण आधी दिसतो, आणि गावाच्या पुरस्काराला हीच संधी असते.

नावे हाती आली की प्रत्येक ठिकाणी दोन सदस्यांनी प्रत्यक्ष जाऊन काम पाहावे आणि किमान तिघांशी बोलावे, त्यांतला एक त्या माणसाशी फारसे न पटणारा असावा. त्यानंतर संबंधिताची संमती घ्यावी. सासरच्या जाचातून सुटलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या एखाद्या बाईला व्यासपीठावरची प्रसिद्धी अडचणीची, प्रसंगी धोक्याची ठरू शकते. तिने नकार दिला तर तो निमूटपणे मान्य करावा.

पैशांबाबत थोडक्यात सांगायचे तर, मंडळ नोंदणीकृत नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41क खालील पूर्तता धर्मादाय कार्यालयात आधी करून घ्यावी. सत्कारमूर्तीकडून नोंदणी, स्मरणिकेतील जाहिरात किंवा स्मृतिचिन्ह अशा कोणत्याही नावाखाली एक रुपयाही घेऊ नये. ‘आपली निवड झाली आहे’ असा फोन करून मागाहून रक्कम सांगणाऱ्यांनी पुरस्कार या शब्दालाच बट्टा लावला आहे. उलट रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज आणि प्रवासखर्च मंडळानेच द्यावा.

तारीख ठरवताना गावाचे वर्ष पाहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत 26 जानेवारीला निम्मी घरे कुलूपबंद असतात, तिथे 15 ऑगस्ट बरा. उन्हाळ्यातला कार्यक्रम दुपारी उघड्यावर कदापि घेऊ नये. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक लोकांचे प्राण गेले. सायंकाळचा कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही हे लक्षात ठेवावे. आमच्या पहिल्या वर्षी प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, आणि म्हशींच्या धारांची वेळ टळत असल्याने सत्कारमूर्ती बाई पुरस्कार न घेताच घरी परतल्या. स्मृतिचिन्ह त्यांच्या मुलाने स्वीकारले. तेव्हापासून पाहुणे येवोत न येवोत, कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि पुरस्कार भाषणांच्या आधी दिले जातात.

शाल आणि श्रीफळ कोणत्याही सत्काराला असतात. या पुरस्काराचे वेगळेपण मानपत्रात दिसायला हवे. ‘आपल्या कार्याचा सुगंध दशदिशांत दरवळत आहे’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. त्याऐवजी असे लिहावे: ‘ऐन मे महिन्यात नळयोजनेचा पंप जळाला तेव्हा आपण अकरा दिवस स्वतःच्या विहिरीचे पाणी वाडीतल्या बत्तीस घरांना दिले आणि त्या पायी आपला अर्धा एकर घास वाळला.’ काम, काळ, संख्या आणि सोसलेले नुकसान एवढे आले की विशेषणांची गरज उरत नाही. मजकूर छापण्यापूर्वी सत्कारमूर्तीला वाचून दाखवावा. वरचे मानपत्र ऐकून त्या गृहस्थांनी आम्हाला थांबवले आणि म्हणाले, “बत्तीस नाही, एकतीस लिहा. एका घराने पाणी घेतलं नव्हतं.” आम्ही एकतीस छापले.

कार्यक्रमानंतर आठवडाभरात जमाखर्च लिहून पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. निवड न झालेल्या नावांची वही फेकू नये; ती नावे, पडताळणीच्या नोंदींसह, पुढची तीन वर्षे विचारात घ्यावीत, आणि नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत सर्वांत आधी तीच वही उघडावी.