फर्नेसचा फिल्टर घेताना या चुका टाळा

अमेरिकेत घर घेतलं की गवत कापायचं यंत्र पहिल्याच आठवड्यात येतं. फर्नेसचा, म्हणजे हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात एसीची थंड हवा घरभर खेळवणाऱ्या यंत्राचा, फिल्टर कुठे बसतो, हे मात्र पहिला उन्हाळा निम्मा सरेपर्यंत घरात कोणालाच ठाऊक नसतं. मग कधीतरी दुकानात जाऊन, खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा असलेला फिल्टर उचलला जातो. महाग ते चांगलं हा हिशेब पैठणीला चालतो. इथे नाही.

एक इंची खाचेत मर्व्ह १३ कोंबणं

सगळ्यात जास्त घरं या एका चुकीपायी घामाघूम होतात, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

मर्व्ह हे फिल्टर हवेतले कण किती पकडतो याचं १ ते १६ असं माप आहे. १ ते ३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांपैकी निदान ८५ टक्के आणि ०.३ ते १ मायक्रॉनच्या बारीक कणांपैकी निदान ५० टक्के पकडले, तर फिल्टरला १३ मिळतात. मर्व्ह ११ ला बारीक कणांत २० टक्के पुरतात आणि मर्व्ह ८ ला त्या गटात काहीच अट नाही. कागदावर १३ उत्तम, यात वाद नाही. पण बारीक जाळं हवेलाही अडवतं, आणि हवा अडली की बाकी सगळं बिघडतं.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर उतरला आणि आकाश नारिंगी झालं. सरकारी सल्ला होता, ‘मर्व्ह १३, किंवा तुमच्या यंत्रणेला झेपेल तितका’. लोकांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला आणि दुकानाकडे धावले. त्यानंतरची गोष्ट घरोघरी त्याच वळणाने जाते. तीन टनांचा एसी, १६×२५×१ इंचांची खाच, तिच्यात नवा कोरा १३. पहिले काही आठवडे काही कळत नाही. फिल्टरवर धूळ बसते, बाहेर पारा ३५ अंश सेल्सियसवर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या ग्रिलमधून हवा नुसती झुळझुळते. घरातले थर्मोस्टॅट ७४ फॅरनहाइटवरून ७० वर आणतात, मग ६८ वर. कॉइलवरून (हवा थंड करणाऱ्या एसीच्या नळ्यांवरून) पुरेशी गरम हवा जात नसल्यामुळे कॉइल शून्याखाली जातो, त्यावर बर्फ धरतो आणि उरलीसुरली हवाही बंद होते. तांब्याच्या जाड नळीवर पांढरं दव गोठलेलं दिसतं. रात्री कॉम्प्रेसर थांबला की बर्फ वितळतो आणि बेसमेंटमध्ये पाणी. मग ‘गॅस संपला असेल’ असं निदान घरातच होतं आणि रविवारच्या दराने मेकॅनिक येतो. तो काय करतो? फिल्टर ओढून बाहेर काढतो.

आकडेमोड पाचवीच्या पोराला जमेल इतकी सोपी आहे. एसीला टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे तीन टनांना १२००. १६×२५ फिल्टरचं तोंड २.८ चौरस फूट. म्हणजे हवा मिनिटाला सुमारे ४३० फूट वेगाने घुसवावी लागणार. एक इंची घडीच्या फिल्टरला ३०० च्या आसपास ठेवलं तर बरं. त्यासाठी चार चौरस फूट तोंड हवं, म्हणजे २०×३० ची खाच. ती तुमच्याकडे आहे का, आधी बघा.

नसेल तर एक इंचीत मर्व्ह ८, ॲलर्जी असेल तर ११, आणि तिथेच थांबा. १३ हवाच असेल तर मेकॅनिककडून चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या. चार इंची फिल्टरच्या घड्या खोल असतात, त्यामुळे तेवढ्याच तोंडात कागद कितीतरी जास्त मावतो आणि हवेला त्रास कमी होतो. पेटी बसवताना मेकॅनिकला डक्टमधला (हवेच्या नळकांड्यातला) दाब मोजायला सांगा. बहुतेक यंत्रं ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेली असतात आणि मोजणी पाच-दहा मिनिटांत होते. ‘गरज नाही’ म्हणणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधावा. तेवढा खर्च नको असेल तर फर्नेसला हात न लावता २० इंची बॉक्स फॅन, २०×२० चे चार मर्व्ह १३ फिल्टर, तळाला पुठ्ठा आणि डक्ट टेप घ्या. चारही फिल्टरवरच्या बाणांची टोकं आत, फॅन वर, हवा आकाशाकडे. धुराच्या दिवसांत हे ठोकळेबाज खोकं बैठकीच्या खोलीत मुकाट काम करतं.

बर्फ धरलाच असेल तर कूलिंग बंद करा, थर्मोस्टॅटवरचा फॅन ‘ऑन’ वर टाका आणि काही तास थांबा. बर्फ खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. स्वच्छ फिल्टर घालूनही पुन्हा गोठलं, तरच गॅसचा संशय घ्या. हिवाळ्यात हीच चूक वेगळं सोंग घेते: फर्नेस पेटतो, आतून तापतो, सुरक्षेचा स्विच बर्नर बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. घर गरम होत नाही आणि बिल मात्र वाढतं.

फिल्टर धुणं

ही खास आपली चूक. ठाण्या-पुण्याच्या घरी स्प्लिट एसीची प्लॅस्टिकची जाळी महिन्याला नळाखाली धरायची सवय असते. तीच सवय विमानातून इथे येते, आणि बारा डॉलरचा घडीचा फिल्टर बाथटबमध्ये शॉवर घेतो. जाळी आणि हा फिल्टर यांचं नातं नाही. घडीच्या फिल्टरच्या धाग्यांवर कारखान्यात विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण चिकटतात ते बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. पाण्या-साबणाने भार उतरतो, पुठ्ठा फुगतो, घड्या झोपतात आणि ओल राहिली तर बुरशी धरते. बाहेरून स्वच्छ, आतून निकामी. व्हॅक्यूमनेही फार साधत नाही. काटकसर करायचीच असेल तर सहाचा डबा एकदम घ्या, फिल्टरमागे दर खाली येतो.

उलट टोकाचे लोकही आहेत, जरा करडा दिसला की फेकणारे. थोडी धूळ बसलेला फिल्टर कण उलट जास्तच पकडतो. महिन्यातून एकदा उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसेना झाला की बदला. एक इंची साधारण एक ते तीन महिने जातो, चार इंची सहा ते बारा. घरात कुत्रा असेल तर लवकर. बसवल्याची तारीख मार्करने चौकटीवर लिहा. आठवणीवर विसंबणाऱ्यांचे फिल्टर दिवाळी ते दिवाळी चालतात.

फोडणीचा वास फिल्टरकडून घालवून घेणं

फिल्टर कण धरतो, वास हा वायू असतो. कोळशाचा पातळ थर दिलेले महाग फिल्टर मिरचीच्या ठसक्यापुढे टिकत नाहीत. शेगडीवरचा मायक्रोवेव्ह-हूड हवा बाहेर सोडतो की पुन्हा तुमच्याच तोंडावर, ते आधी बघा. बाहेर सोडत असेल तर तेल तापायच्या आधी चालू करा. सोडत नसेल तर खिडकी उघडा. उदबत्तीचा धूर बहुतांशी एक मायक्रॉनच्या आतला, तो मर्व्ह ८ च्या हातात फारसा लागत नाही.

बाकीच्या, भराभर

१६×२५×१ हे नुसतं नाव आहे. प्रत्यक्ष माप साधारण १५¾×२४¾×¾ भरतं, म्हणून जुन्या फिल्टरवर छापलेलं नाव बघूनच घ्या. चार इंचीत मात्र कंपनीनुसार जाडी बदलते, तिथे प्रत्यक्ष माप जुळवा.

एक इंच लहान घेऊन ‘बसला की’ म्हणू नका. हवा फटीतून जाते आणि धूळ कॉइलवर. खाचेचं झाकण सैल असेल तर त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल टेप लावा.

खोक्यावरचा एमपीआर हा एका कंपनीचा आकडा, एफपीआर एका दुकानाचा. एफपीआर १० म्हणजे मर्व्ह १० नव्हे. कडेला बारीक अक्षरात मर्व्ह लिहिलेलं असतं, ते वाचा.

फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या दिशेने. भिंतीतल्या ग्रिलमध्ये असेल तर भिंतीच्या आत.

ग्रिलमध्ये एक आणि फर्नेसपाशी दुसरा, असे एकामागोमाग दोन नकोत. एकच ठेवा.

फॅन दमट उन्हाळ्यात चोवीस तास ‘ऑन’ ठेवलात तर ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा घरात येतं. ‘ऑटो’ बरा, धुराच्या दिवसांपुरता ‘ऑन’.

घरात ड्रायवॉल (जिप्समची भिंत) घासायचं काम निघालं तर त्या खोलीतल्या रिटर्न (हवा परत यंत्राकडे ओढणाऱ्या) ग्रिलवर प्लॅस्टिक लावून टेप मारा आणि धूळ बसेपर्यंत यंत्रणा बंद ठेवा. काम आटोपल्यावर खोली आधी पुसा, प्लॅस्टिक नंतर काढा, आणि नवा फिल्टर त्याच दिवशी घाला.